जुन्या सोल-आरअँडबी सिंगल्स: पहिली तबकडी विकत घेण्यापूर्वी

अमेरिकेतलं १९५० आणि १९६० च्या दशकातलं सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूज हे मुळात सात इंची सिंगलचं, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेल्या छोट्या तबकडीचं संगीत आहे. डेट्रॉइटचं मोटाउन, मेम्फिसचं स्टॅक्स, न्यूयॉर्कचं अटलांटिक, शिकागोचं चेस, सिनसिनाटीचं किंग, या सगळ्या रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा सिंगलवर चालायचा. एलपी बहुतेकदा दोन-तीन गाजलेल्या सिंगल्सना उरलेली गाणी जोडून निघायची. मिक्सिंगही आधी सिंगलसाठी, मोनोमध्ये, रेडिओ आणि ज्यूकबॉक्स डोळ्यांसमोर ठेवून व्हायचं. मोटाउनमध्ये तर मिक्स कसं वाजतंय हे मोटारीतल्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर ऐकून ठरवत. अडीच-तीन मिनिटांचं गाणं, मिनिटाला ४५ फेऱ्यांचा वेग आणि त्यामुळे खाचांना मिळणारी ऐसपैस जागा. ड्रम आणि बेस चांगल्या सिंगलवर ज्या जोराने अंगावर येतात, तो जोर त्याच गाण्याच्या एलपीवरच्या स्टिरिओ आवृत्तीत पुष्कळदा सापडत नाही.

नवा माणूस गाण्याचं नाव बघून सिंगल घेतो आणि तिथेच फसतो. एकच गाणं, एकच वर्ष, लेबलवर एकच क्रमांक, तरी दोन प्रती अगदी वेगळ्या निघू शकतात. एक अजून पन्नास वर्षं वाजेल, दुसरी पहिल्याच दिवशी तव्यावर फोडणी टाकल्यासारखी चरचरेल. म्हणून आधी तबकडी कशाची आहे ते बघायचं, मग तिची अवस्था, मग ती खरी की नकली, आणि त्यानंतर पैसे काढायचे.

पायरी १: व्हिनाइल की स्टायरीन?

अमेरिकन सिंगल्स दोन पदार्थांच्या बनत. एक व्हिनाइल, जे एलपीचंही असतं. दुसरं पॉलिस्टायरीन, म्हणजे साच्यात गरम प्लास्टिक सोडून ओतलेली तबकडी. ती स्वस्तात आणि झटपट निघायची, म्हणून अनेक कारखान्यांनी तीच वापरली. स्टायरीन कडक असतं पण ठिसूळ. झिजलेल्या सुईने किंवा जड टोनआर्मने, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याने, त्याच्या खाचा लवकर खरवडल्या जातात, आणि मग कितीही धुतलं तरी ती खरखर जात नाही, कारण तो मळ नसतो. खाच स्वतःच गेलेली असते.

ओळखायचं असं:

लेबल बघा. व्हिनाइलमध्ये कागदाचं लेबल दाबताना तबकडीतच बसतं, बोट फिरवलं तर कडा जाणवत नाही. स्टायरीनवर लेबल मागाहून डिंकाने चिकटवलेलं असतं, कडेला थोडं उचकटलेलं किंवा फुगलेलं दिसू शकतं. काही स्टायरीन तबकड्यांवर कागदच नसतो, रंगाने थेट छपाई केलेली असते.

कडेवर नखाने हलकेच टिचकी मारा. व्हिनाइलचा आवाज बोदा येतो, स्टायरीनचा टणक, चहाच्या प्लास्टिकच्या ट्रेसारखा. तबकडी वाकवून मात्र पाहू नका. व्हिनाइल थोडं लवतं, स्टायरीन तडकतं, आणि विकत न घेतलेली तबकडी तडकली तर प्रसंग बाका येतो.

फोटोवरूनच ओळखायची वेळ आली तर लेबलवरची बारीक अक्षरं वाचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या अटलांटिक सिंगल्सवर मॅट्रिक्स क्रमांकाच्या, म्हणजे ध्वनिमुद्रणाला कंपनीने दिलेल्या क्रमांकाच्या, शेवटी दोन अक्षरं असतात. ‘पीएल’ म्हणजे मेम्फिसचा प्लास्टिक प्रॉडक्ट्स कारखाना, ‘एसपी’ म्हणजे पेन्सिल्वेनियातला स्पेशालिटी, ‘एमओ’ म्हणजे लॉस एंजेलिसचा मोनार्क. पहिल्या दोघांचं काम व्हिनाइलचं, मोनार्कचं स्टायरीनचं. मोनार्कची आणखी एक खूण म्हणजे शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत, जिला रनआउट म्हणतात, कोरलेला छोटा त्रिकोण आणि त्यापुढे एक क्रमांक. कोलंबिया आणि तिच्या ओके, एपिक या लेबलांच्याही बऱ्याच सिंगल्स स्टायरीनच्या आहेत.

स्टायरीन सरसकट टाळायचं का? नाही. क्वचित वाजलेली स्टायरीन प्रत अप्रतिम वाजते, आणि काही गाणी दुसऱ्या कशावर मिळतही नाहीत. पण तीच सिंगल व्हिनाइलवर मिळत असेल आणि दोन्ही प्रती सारख्याच वापरलेल्या दिसत असतील, तर व्हिनाइलच घ्या.

पायरी २: प्लेयर तयार करा

आपल्याकडच्या एचएमव्हीच्या सात इंची ईपींना मधलं भोक लहान असतं. अमेरिकन सिंगलचं भोक ३८ मिलिमीटरचं, म्हणजे दीड इंच. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये ४५ ची तबकडी आणली तीच या मोठ्या भोकाची, आपल्या झटपट रेकॉर्ड बदलणाऱ्या यंत्रासाठी. त्या पहिल्या खेपेत प्रत्येक संगीतप्रकाराला आरसीएने वेगळ्या रंगाचं व्हिनाइल दिलं होतं, आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या वाट्याला नारिंगीकडे झुकणारा लाल रंग आला होता.

या भोकासाठी ॲडॅप्टर लागतो. प्लेयरच्या स्पिंडलवर, म्हणजे मधल्या खुंटीवर ठेवायचा घुमटाच्या आकाराचा, शक्यतो ॲल्युमिनियमचा ॲडॅप्टर घ्या. तबकडीच्या भोकात दाबून बसवायची प्लास्टिकची पिवळी चकती व्हिनाइलला चालते. स्टायरीनला ती लावू नका. दाबताना भोकापासून बाहेरच्या बाजूला केसाएवढी चीर जाते. जुन्या स्टायरीनमध्ये अशी चकती आधीच अडकलेली असेल तर ओढून काढण्याऐवजी छोट्या कटरने तिचे हात कापा, मग ती आपोआप सुटते.

सूर लाटेसारखा वरखाली होत असेल तर टोनआर्मकडे बघा. तो डावी-उजवीकडे डुलत असेल तर तबकडी केंद्रातून सरकलेली आहे. लगेच कारखान्याला दोष देऊ नका, आधी दुसऱ्या ॲडॅप्टरवर लावून पाहा. सैल ॲडॅप्टरमुळे हा दोष फार वेळा येतो.

आता सुई. शंकूच्या टोकाची, म्हणजे कॉनिकल सुई घ्या. बारीक इलिप्टिकल सुई स्वच्छ एलपीवर जास्त तपशील काढते, पण स्टायरीनला ती मानवत नाही आणि झिजलेल्या खाचेचा तळही तीच जास्त खरवडून ऐकवते. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५सी ही साधी कॉनिकल कार्ट्रिज (सुई बसवलेला टोनआर्मच्या टोकाचा भाग) सुरुवातीला पुरेशी आहे. सुईचं खाचेवर पडणारं वजन २ ग्रॅमवर ठेवा, मर्यादा १.८ ते २.२. वजन डोळ्यांनी ठरवू नका, डिजिटल स्टायलस काटा फार महाग नसतो. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते ही समजूत उलटी आहे. हलकी सुई जोरकस खाचेत उड्या मारते आणि कडांवर आपटते.

ॲम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा. मोनो खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचालही उचलते, आणि मोनो रेकॉर्डवर त्या उभ्या हालचालीत धूळ आणि खरवडीशिवाय काहीच नसतं. बटण दाबताच चरचर किती कमी होते ते ऐकून नवखे लोक चकित होतात.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून जुना टर्नटेबल आणवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. जुन्या सिंक्रोनस मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो, त्यामुळे ४५ ची तबकडी इथे ३७.५ ने फिरेल आणि गायक झोपेत गात असल्यासारखा वाटेल. त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली (मोटरची चाकी) मिळत असेल तरच आणवा, नाहीतर डीसी मोटरचा प्लेयर घ्या. वेग तपासायला लागणारी स्ट्रोबची चकतीही ५० हर्ट्झचीच हवी.

पायरी ३: कुठून सुरुवात करायची

१९६२ ते १९७२ या दहा वर्षांपासून. त्याआधीच्या, विशेषतः १९५० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या आरअँडबी सिंगल्स महाग आणि धोक्याच्या आहेत. तेव्हा हे संगीत जास्त करून ७८ च्या लाखेच्या तबकडीवर विकलं जायचं, ४५ च्या प्रती कमी निघाल्या, आणि म्हणून पुढे नकला पुष्कळ झाल्या.

सुरुवातीला गाजलेलीच गाणी घ्या. त्यात कमीपणा काही नाही. लाखांनी खपलेल्या सिंगलच्या प्रती आजही पुष्कळ फिरतात, म्हणून निवड करता येते. काही नावं, कंसात लेबल, क्रमांक आणि वर्ष: अरेथा फ्रँकलिनचं ‘रिस्पेक्ट’ (अटलांटिक २४०३, १९६७), फोर टॉप्सचं ‘रीच आउट आय’ल बी देअर’ (मोटाउन १०९८, १९६६), मार्विन गेचं ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ (टामला ५४१७६, १९६८), ओटिस रेडिंगचं ‘डॉक ऑफ द बे’ (व्होल्ट १५७, १९६८), अल ग्रीनचं ‘लेट्स स्टे टुगेदर’ (हाय २२०२, १९७१). या पाचांच्या चांगल्या प्रती मिळाल्या की कान तयार होतो.

मग मागच्या बाजूकडे वळा. एटा जेम्सची १९६७ ची कॅडेट ५५७८ पाहा. पुढच्या बाजूला ‘टेल मामा’, आणि मागे ‘आय’ड रादर गो ब्लाइंड’. आज ती मागची बाजूच जास्त लोकांना ओळखीची आहे. काही गाणी दोन बाजूंत विभागलेली असतात, जसं रे चार्ल्सचं १९५९ चं ‘व्हॉट’ड आय से’ किंवा जेम्स ब्राउनचं १९६५ चं ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’. अशी सिंगल घेताना दोन्ही बाजू सारख्या स्थितीत आहेत का ते बघा. पहिला भाग झिजून गेलेला आणि दुसरा कोरा, असं हमखास आढळतं.

लेबल वाचायची सवय लावण्यासाठी ‘ग्रीन अनियन्स’ हा उत्तम धडा आहे. बुकर टी अँड द एमजीज यांची ही धून १९६२ मध्ये आधी स्टॅक्सच्याच व्होल्ट या लेबलवर, व्होल्ट १०२ या सिंगलची मागची बाजू म्हणून निघाली. रेडिओवर मागणी वाढली तेव्हा तीच धून स्टॅक्स १२७ म्हणून पुढच्या बाजूला आली. ध्वनिमुद्रण तेच, पण व्होल्टची प्रत कमी आणि महाग, स्टॅक्सची भरपूर. स्टॅक्सच्या बाबतीत रंगही तारीख सांगतो. १९६८ मध्ये स्टॅक्सचा माल वितरित करणाऱ्या अटलांटिकशी फारकत होईपर्यंत फिकट निळं लेबल, त्यानंतर चुटकी वाजवणाऱ्या बोटांचं पिवळं. जुनी ध्वनिमुद्रणं फारकतीत अटलांटिककडे राहिली, म्हणून त्यांच्या नंतरच्या आवृत्त्या अटलांटिकच्या ‘ओल्डीज सिरीज’मध्ये मिळतात. मोटाउनची अशीच मालिका ‘यस्टरइयर’. या पुनर्मुद्रित प्रती स्वस्त असतात आणि गाणं ऐकायला वाईट नसतात, पण मूळ प्रत म्हणून त्यांचे पैसे देऊ नका.

पायरी ४: अवस्था वाचणं

अमेरिकेत गोल्डमाइन मासिकाच्या पद्धतीची प्रतवारी चालते: मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड. ढोबळ मानाने व्हीजी प्लसची किंमत निअर मिंटच्या निम्मी आणि व्हीजीची पाव. ब्रिटिश विक्रेते मिंटच्या खाली ‘एक्सलंट’ लिहितात. तिला अमेरिकन व्हीजी प्लसच्या आसपास समजा. ‘गुड’ या शब्दावर जाऊ नका. प्रतवारीत गुड म्हणजे वाजते, पण पूर्ण वेळ चरचरत. रोज ऐकण्यासाठी व्हिनाइलची व्हीजी प्लस प्रत हा सगळ्यात शहाणा सौदा.

हातात तबकडी आली की ट्यूबलाइटखाली नव्हे, एकाच बल्बखाली किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली धरा आणि प्रकाश जवळजवळ आडवा पडेल अशी तिरकी करा. वरवरचे धाग्यासारखे ओरखडे भीतीदायक दिसतात, पण बोटाला लागत नसतील तर बहुधा ऐकू येत नाहीत. काळजीचं कारण वेगळं असतं: काळ्या खाचांवर राखाडी किंवा पांढुरकी झाक. ती सुईने केलेली झीज. व्हिनाइलवर राखाडी, स्टायरीनवर पांढरट. शेवटच्या अर्ध्या इंचात ही झाक आधी दिसते, कारण आत जावं तसा खाचेचा वेग कमी होतो आणि सुईला वळणं जड जातात.

सुरुवातीच्या काही खाचा वेगळ्या तपासा. रेडिओ केंद्रातले आणि क्लबमधले लोक गाणं नेमक्या ठोक्यावर सुरू व्हावं म्हणून सुई खाचेत ठेवून तबकडी मागे-पुढे फिरवत. स्टायरीनवर त्याने सुरुवातीचे काही सेकंद फसफसतात, बाकीचं गाणं स्वच्छ असतं. विक्रेत्याला नेमकं हेच विचारा: ‘सुरुवातीला क्यू बर्न आहे का?’

लेबलवरचं नाव, शिक्का, पेनाने लिहिलेला क्रमांक यांनी आवाजाला काही होत नाही, पण किंमत उतरते, ती तुमच्या फायद्याची. लेबलमधून आरपार पाडलेलं छोटं भोक म्हणजे माल उरला म्हणून स्वस्तात काढलेली प्रत. तीही बिनधास्त घ्या.

पांढऱ्या लेबलच्या, रेडिओ केंद्रांना पाठवलेल्या प्रती अनेकांना हव्या असतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा प्रतींवर पुष्कळदा दोन्ही बाजूंना एकच गाणं असतं, एकीकडे मोनो, दुसरीकडे स्टिरिओ. मागच्या बाजूचं गाणं हवं असेल तर ही प्रत तुमच्या कामाची नाही.

पायरी ५: नकली प्रती

इंग्लंडच्या उत्तरेत १९७० च्या दशकात नॉर्दर्न सोल नावाने ओळखली जाणारी नाचाची लाट आली. १९७३ ते १९८१ चालू असलेला विगन कसिनो हा तिचा गाजलेला अड्डा. तिथे अमेरिकेत न चाललेल्या, विस्मरणात गेलेल्या सिंगल्सना मागणी आली, आणि मागणीमागोमाग नकला. फ्रँक विल्सनची मोटाउनच्या ‘सोल’ नावाच्या लेबलवरची १९६५ ची ‘डू आय लव्ह यू’ ही सिंगल हे टोकाचं उदाहरण. विक्रीला न गेल्यामुळे तिच्या मोजक्याच प्रती उरल्या, आणि त्यातली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली. ब्रिटिश टामला मोटाउनने हे गाणं १९७९ मध्ये अधिकृतपणे काढलं. गाणं ऐकायचं असेल त्याने त्या वाटेने जावं.

रनआउटमधल्या खुणा हा नकली प्रत ओळखायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. डिस्कॉग्स आणि फोर्टीफाइव्हकॅट या संकेतस्थळांवर मूळ प्रतीच्या रनआउटचं वर्णन सापडतं. मूळ प्रतीवर यंत्राने ठोकलेला शिक्का असताना तुमच्या प्रतीवर सगळं हाताने खरडलेलं असेल तर थांबा. मिशिगनमधल्या ओवोसोच्या कारखान्यात दाबलेल्या मोटाउन सिंगल्सवर ‘एआरपी’ हा छोटा शिक्का असतो. मूळ सिंगल फक्त स्टायरीनवर निघाल्याची नोंद आहे आणि तुमच्या हातात व्हिनाइल आहे, तर ती नकल धरूनच चाला. लेबलवरची अक्षरंही भिंगाने बघा. छापलेल्या लेबलचा फोटो काढून केलेल्या लेबलवर बारीक अक्षरं फुगतात, त्यांच्या पोटातली पोकळी भरून जाते.

पायरी ६: भारतात मागवताना

मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात हिंदी चित्रपटांच्या ईपी भरपूर मिळतील, अमेरिकन सोलच्या मूळ सिंगल्स क्वचित. म्हणजे बाहेरून मागवणं आलं. एका सिंगलचं वजन सुमारे ४० ग्रॅम, पण टपालखर्च खोक्याचा लागतो. एक मागवा किंवा आठ, खर्चात फार फरक पडत नाही. त्यामुळे एकाच विक्रेत्याकडून आठ-दहा घ्या. कस्टम्सची आकारणी टपालखर्च धरून होते हे हिशेबात ठेवा. अमेरिकेतला स्वस्त ‘मीडिया मेल’ फक्त देशांतर्गत आहे; तिकडे कुणी नातेवाईक असेल तर माल त्यांच्याकडे जमवून एकदम आणवणं सगळ्यात परवडतं. तबकड्या विमानाच्या चेक-इन सामानात देऊ नका, हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा.

विक्रेत्याला सांगायच्या दोन गोष्टी: तबकडी पाकिटाबाहेर काढून वेगळी ठेवा, आणि दोन्ही बाजूंना तबकडीपेक्षा मोठे कडक पुठ्ठे लावा, पुठ्ठ्याच्या आतल्या लाटांच्या नळ्या एकमेकींना काटकोनात येतील असे.

पायरी ७: धुणं

५०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर मेडिकल दुकानातून आणा. नळाचं पाणी सुकल्यावर क्षार सोडतं. त्यात कोडॅक फोटो-फ्लो या फोटो धुताना वापरायच्या द्रवाचे चार-पाच थेंब. ते न मिळाल्यास बिनवासाच्या भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन थेंब, पण मग दोनदा साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुसायचं. आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, नाहीतर तीच धूळ ओली होऊन खाचेत घासली जाते. मायक्रोफायबर ओलं करा, पिळा, आणि खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीच नाही. लेबलपासून एक सेंटिमीटर लांब राहा. स्टायरीनच्या लेबलचा डिंक पाण्याने सुटतो आणि लेबल सुरकुततं. व्हिनाइलसाठी काही जण पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालतात. स्टायरीनला ते थेंबभरही नको. दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून ताटाळ्यात उभी ठेवा, अर्धा तास. पंख्याखाली ठेवाल तर ओल्या तबकडीवर धूळ बसेल.

पायरी ८: ठेवणं

सिंगल्स उभ्या, दाटीवाटी न करता ठेवा. पॉलिप्रोपिलीनची बाह्य पाकिटं घ्या. पीव्हीसीची मऊ पाकिटं उष्णतेत तबकडीला चिकटून ढगाळ डाग पाडतात. कंपनीचं मूळ कागदी पाकीट फेकू नका, बाह्य पाकिटात तबकडीच्या मागे ठेवा आणि तबकडीला नवं, आम्लमुक्त कागदाचं पाकीट द्या.

कोकण, मुंबई आणि गोव्यात खरा शत्रू पावसाळा. पेटी बाहेरच्या भिंतीला लावू नका. आत सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ५० टक्के हे लक्ष्य, ६५ च्या वर काटा राहू लागला तर पुड्या बदला. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा सगळी पेटी चाळा. लेबलवर किंवा खाचांत पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. ती सिंगल लगेच वेगळी काढा, पायरी ७ प्रमाणे धुवा, तिचं आतलं कागदी पाकीट टाकून द्या, आणि शेजारच्या चार-पाच सिंगल्सही तपासा.